काट्यावरची आर्लिस

साखरेच्या बीटचा हंगाम सुरू झाला की अमेरिकेतल्या रेड नदीच्या खोऱ्यातली माणसं झोपणंच सोडून देतात. जमीन गोठायच्या आत सगळं बीट बाहेर काढायचं असतं. आर्लिस ब्रेक्के बावीस हंगाम साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसली. काम सोपं: ट्रक काट्यावर आला की वजन घ्यायचं, खिडकीतून पावती द्यायची आणि लाल दिवा हिरवा करायचा. पण या बाईने त्यात स्वतःचं एक शास्त्र घुसवलं होतं. कारखान्याच्या नियमांत ते शोधूनही सापडलं नसतं.

ती पावती दर खेपेला वेगळ्या जागी धरायची. कधी वर, कधी हातभर डावीकडे. झोप झालेला माणूस कुरकुरत का होईना, बरोबर तिथे हात न्यायचा. झोप न झालेल्याचा हात मात्र मागच्या खेपेला पावती होती तिथे जायचा आणि हवा पकडायचा. अशाला ती ट्रक बाजूला लावून वीस मिनिटं डोळे मिटायला लावी. दांडगे गडीही मुकाट ऐकत.

हे ती पुस्तकात शिकली नव्हती. तरुणपणी वृद्धाश्रमात रात्रपाळ्या करून ती दिवसा तीन पोरं सांभाळायची. तेव्हा एका आजीला तिने एकच गोळी दोनदा दिली, आणि दोन्ही वेळा आपण अगदी ताज्यातवान्या आहोत अशी तिची खात्री होती. आजी वाचली. "प्यायलेल्याला निदान आपण प्यायलोय हे माहीत असतं," आर्लिस म्हणायची. "जागरणवाल्याला काहीच कळत नाही. ज्या मेंदूने ओळखायचं, तोच आधी झोपतो."

त्या वर्षी पावसाने आठवडा खाल्ला होता. दुपारचे तीन वाजलेले, जेवण अंगावर आलेलं. तिचा धाकटा भाऊ ऑरिन काट्यावर आला, त्याने हात बाहेर काढला आणि हवा पकडली. पावती वीतभर खाली होती. त्याने मूठ मिटली आणि मिळाली अशा थाटात हात आत घेतला. आर्लिसने पावती मागे घेतली.

"ऑरिन, इंजिन बंद कर. चावी दे."

"आज तुझी नाटकं नकोत हं. परवा सगळं गोठतंय, चाळीस एकर अजून जमिनीत आहे."

"झोपलास कधी?"

"काल." मग जरा वेळाने, "परवा. अगं, कॉफी ढोसतोय, काचा उघड्या आहेत, रेडिओ बोंबलतोय. अजून काय करू?"

"झोप."

ऑरिन लालबुंद झाला. "दिवा हिरवा कर, आर्लिस. नाहीतर माझ्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही!"

आईवडिलांच्या माघारी माहेर म्हणून तिला तेवढं एकच घर उरलं होतं. तरी तिने बटणावरून हात काढून घेतला. मागे ट्रकांची रांग वाढत गेली, भोंगे सुरू झाले. वायरलेसवर मुकादम ओरडला, "झोपलीस का तिथे? दिवा बदल!" तिने वायरलेस बंद केला. नोकरी गेली तर गेली.

तेवढ्यात मागच्या ट्रकमधून व्हर्लिन धावत आला. शेजारच्या शेताचा मालक, एरवी धावणाऱ्यातला नव्हे.

"तूच सांग रे हिला!" ऑरिन खेकसला. "मी कसा आहे ते सांग!"

व्हर्लिनला धाप लागली होती. "मघाशी रस्त्यातल्या रुळांवर मालगाडीचं इंजिन भोंगा वाजवत होतं तुझ्यावर. तू साधा ब्रेकही लावला नाहीस, तसाच पलीकडे गेलास. मालगाडी तुझ्या अगदी मागून गेली आणि मला पलीकडचं काही दिसेना. संपलास असं वाटलं मला."

"कुठली मालगाडी?" ऑरिन म्हणाला.

ऑरिन आलेल्या रस्त्याकडे वळून बघत राहिला. शेतात ट्रक भरलेला त्याला आठवत होता, त्यानंतर थेट बहिणीची खिडकी. मधले सात मैल कुठेच नव्हते.

त्याने चावी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. आर्लिसने ती उचलून आपल्या खिशात टाकली. मागे सतरा ट्रक खोळंबले होते, पण आता एकही भोंगा वाजत नव्हता.