कुडपणच्या झऱ्यावरचं माझं भाषण

ज्या कॉलेजातून मी दुसऱ्या वर्षाला भांडून बाहेर पडलो, त्याच कॉलेजानं मला पाहुणा वक्ता म्हणून बोलावलं. शिबिर कुडपणला, विषय 'गावाचा टिकाऊ विकास'. तिथल्या झऱ्यावर मी महाडच्या एका संस्थेबरोबर काम करतो, म्हणून. मी लगेच हो म्हटलं. खरं कारण वैशाली. ती अजून त्याच कॉलेजात आहे आणि शिबिराला येणार होती. चवदार तळ्याकाठी तिनं मला ऐकवलं होतं, "तू नुसता भांडतोस. एकदा कुणाला पटवून दाखव, मग पुढचं बोलू."

जाणाऱ्यांसाठी सांगतो. महाडहून पोलादपूरला एसटी सहज मिळते. पुढे कुडपणच्या गाड्या मोजक्याच, चुकली तर जीप, आणि जीप खिशाला लागते. रस्ता अरुंद, खडी उखडलेली. मी पोलादपूरच्या स्टँडवर तुडुंब वडे खाल्ले आणि वळणावळणावर पस्तावलो. पण पठारावर पोचलो, गार वारं लागलं, खाली डोंगरांच्या निळ्या रांगा दिसल्या आणि सगळं वसूल झालं. दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. हे सोडून कुठल्या हॉटेलात जेवू नका. तसं हॉटेल तिथे नाहीच.

भाषण देवळासमोर, गावकरीही आलेले. मी रंगात आलो. भाताची रोपं टाकण्याआधी इथे जमिनीवर फांद्या-पाला पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. झऱ्यावरची झाडं राबासाठी छाटली जायची आणि झरा लवकर आटायचा. गेल्या वर्षी गावकीनं, म्हणजे गावाच्या बैठकीनं, तिथली तोड थांबवली आणि झरा उन्हाळाभर वाहिला. इथे मी टाळ्यांसाठी थांबलो. उठले गावातले धोंडूकाका.

"पोरांना अर्धंच सांगतोस रे. यंदा आमी तोडणार हाय."

"का पण?"

"गेल्या साली राबाला पाला पुरला नाय. रोपं पिवळी पडली. रानात गळलेल्या पानांचा पातेरा पडून हाय, पण गोळा करायला माणूस कुठं हाय? पोरं समदी मुंबईला. तू येतोस काय?"

पोरं हसली. माझे कान तापले. एक सणसणीत वाक्य जिभेवर आलं होतं. पुढच्याच रांगेतून वैशाली बघत होती.

"येतो," मी म्हटलं. "आत्ताच."

भाषण तिथेच सोडून सगळं शिबिर टोपल्या घेऊन रानात उतरलं. ऊन कलेपर्यंत काकांच्या शेतात पातेऱ्याचे ढीग लागले. "वक्ता बरा हाय गो," काकांची बायको वैशालीला म्हणाली, "तोंड बंद असलं की."

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. काका म्हणाले, "माझ्या शेताचं भागलं. बाकीच्या घरांचं काय?" वैशालीनं विचारलं, "काका, शिमग्याला मुंबईची माणसं येतात ना?"

"पालखीला न येऊन जातात कुठं?"

माझ्या डोक्यात लख्ख झालं. "मग आधी पातेरा, मग पालखी," मी म्हटलं. "ज्या घरानं पातेरा आणला, त्याच घराचा खांदा पालखीला."

काका पोट धरून हसले. "आमचा पोरगा गणप्या ऐन पालखीलाच उगवतो. त्याला पहिला जुंपा." हात वर झाले. झऱ्यावर कोयता बंद.

परतीच्या जीपमध्ये वैशालीनं माझ्या कॉलरमधलं एक वाळकं पान काढलं. "पटवलंस," ती म्हणाली.

"अर्धं तू पटवलंस."

"हे तू कबूल करतोयस, हेच खूप झालं."

महाडला येऊन आता महिना होऊन गेला. शर्टाला त्या रानाचा वास अजून आहे, आईला धुवू देत नाही. शिमगा संपल्यावर काकांचा फोन आला. "मुंबईकर तुला शिव्या घालत पातेरा वेचत होते रे. गणप्याची कंबर धरलीय. झरा वाहतोय."

मी वैशालीला चवदार तळ्यावर बोलावलं आणि जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. आता पुढचं बोल."

बोललो. ते या ब्लॉगवर येणार नाही.