कापडाचा ताव

कुठलं कापड इस्त्रीचा किती ताव सोसेल, हे आमच्या यांना नुसतं बोट लावून कळतं. दुकान नवं असताना एका वकिलाचा कोट जळला, तो भरून देता देता नाकी नऊ आले. तेव्हापासून यांच्या लाँड्रीत एक चिंधी करपलेली नाही. स्वतःला किती सोसेल, हे मात्र या माणसाला अजून उमगलेलं नाही.

आज सकाळी मी देवाचं नाव घ्यायला बसले, तर बाहेर बापलेकीचं जुंपलेलं. चौकातल्या हॉटेलने चादरी-टॉवेलांचं काम देऊ केलंय. त्याला मोठं मशीन हवं, म्हणजे कर्ज आलं. दुकानाचा हिशोब आमची धाकटी बघते. तिचं म्हणणं स्पष्ट: काम घेतलंत तर मी इथेच, नाहीतर परगावची नोकरी धरते.

"बाबा, उद्या हॉटेलने काम काढून घेतलं, तर हप्ते किती दिवस झेपतील?"

"शिलकीतून वर्षभर निघतील की."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"बघू."

या 'बघू'वर माझा सगळा संसार झाला! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांचं अंथरूण ऐसपैस, आणि हे पाय पोटाशी घेऊन झोपणार. बरं, जोखीम नको म्हणावं, तर निम्मी कमाई एकट्या इस्पितळाच्या धुण्याच्या भरवशावर. ते फिरलं तर? पण ती जोखीम सवयीची, म्हणून दिसत नाही.

मी जप सोडून उठले. "अहो, पोरगी जाईल."

"देव आहे ना? तूच म्हणतेस."

"आहे. पण तो कुणाला जामीन राहत नाही!"

धाकटी हसली. म्हणाली, "बाबा, रेशमाचा ताव सांगता, सुताचा सांगता. तुमचा किती?"

यांनी स्वतःच्याच सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "मी नुसती वाफ सोसणारं कापड आहे गं."

"इस्त्री टेकवून तरी पाहिलीत का कधी?" मी म्हटलं.

दुपारी हॉटेलवाल्याचा फोन आला. हे "बघू" म्हणाले, तो "राहू द्या" म्हणाला. धाकटीने तिथल्या तिथे नोकरीला होकार कळवला.

संध्याकाळी हे दुकानातून तिचे नोकरीवर घालायचे सदरे घेऊन आले. स्वतः इस्त्री केलेले. कुठे चुणी नाही, डाग नाही, घडी अशी की उलगडू नये. माझ्या हाती देऊन आत गेले.

मी ते तिच्या बॅगेत एकावर एक रचले. सगळ्यात वरचा मात्र दोन्ही हातांनी चुरगळला; त्याला इस्त्री तिने स्वतः टेकवून पाहावी. देव बघत होता. बघू दे.