मालतीबाईंचा एका ओळीचा नियम

मालतीबाई गवाणकरांची आणि माझी पहिली भेट वादी कबीरच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत झाली. मी हर्णैहून लग्न होऊन मस्कतला आले होते, हिंदी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि पोटात माझी थोरली मुलगी होती. दुसऱ्या तासाला मला घेरी आली. समोर गणिताच्या वह्या तपासत बसलेल्या बाईंनी वर पाहिले, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि विचारले, "कुठला वर्ग?"

"सातवी ब. पण बाई, हिंदीचा तास आहे."

"मला हिंदी येते. तुम्ही आडव्या व्हा."

तो आठवडाभर माझा दुसरा तास बाईंनीच घेतला. पर्यवेक्षकांनी हटकले तेव्हा म्हणाल्या, "वर्ग चालू आहे ना? मग खलास." मला त्यांनी कधी उपकाराची आठवण करून दिली नाही. पुढे आम्ही मस्कतच्याच हमरिया भागात एकाच इमारतीत राहायला आलो आणि 'तुम्ही'चे 'तू' झाले, म्हणजे त्यांच्याकडून. माझ्यासाठी त्या बाईच राहिल्या.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना आपल्या इथल्या मराठी मंडळाने मला सुचवले होते, "आठवणी गोड असाव्यात, वादाचे विषय टाळावेत." मी प्रयत्न केला. पण बाईंच्या साठ वर्षांतून तो विषय वगळला तर उरतात त्या नुसत्या वह्या आणि खडू. त्यामुळे जे झाले ते लिहिते. छापायचे की नाही, ते मंडळाने ठरवावे. ठरवण्याची मंडळाला सवय आहे.

बाईंचे काम सर्वांना ठाऊक आहे. आपली मुले आपसांत इंग्रजीत बोलतात, मराठी बोलताना वाक्य अर्ध्यात सोडून आईकडे बघतात. अशा मुलांसाठी बाईंनी दर शुक्रवारी मंडळाच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग चालवला आणि गणपतीत त्यांचे नाटक बसवले. चुकलेल्या मुलाला त्या हसत नसत. "परत सांग, मला ऐकायचंय," एवढेच म्हणत. माझी मुलगी आज आपल्या आजीशी फोनवर भांडू शकते, ते या वर्गामुळे.

बाईंचे यजमान लवकर गेले. एकुलती एक मुलगी केतकी फिजिओथेरपी शिकून अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका राज्यात नोकरीला लागली. तिथे ती ग्रेस नावाच्या मुलीबरोबर राहते, संसार करते, हे बाईंनी मला आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितले. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. मी नमाजी बाई आहे. माझ्या धर्मात याला काय म्हणतात ते मला कोणी शिकवायला नको. मी बादलीतला पुढचा कपडा उचलून झटकला. बाई म्हणाल्या, "तुला पटायलाच हवं असं नाही, नसीमा. फक्त तिची चौकशी करताना अडखळू नकोस." तेवढे मला जमण्यासारखे होते.

काही वर्षांनी केतकीच्या शहराच्या नगरपालिकेने एक नियम केला. माणूस पुरुषावर प्रेम करतो की बाईवर, या कारणाने कोणाला कामावरून काढायचे नाही, घर नाकारायचे नाही. तक्रार आली तर नगरपालिका चौकशी करणार. बाई त्या दिवशी मंडळाच्या बैठकीला खव्याच्या करंज्या घेऊन आल्या.

"कशाबद्दल हो, बाई?" कोणीतरी विचारले.

"माझ्या मुलीच्या गावानं तिला कायद्याचं छत्र दिलं, त्याबद्दल." आणि त्यांनी सगळे सांगितले. हातातली करंजी कुठे ठेवावी हे काहींना सुचेना. अध्यक्ष महोदयांनी ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. त्यांचे नाव या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

तो आनंद फार टिकला नाही. त्या राज्याच्या विधिमंडळात विधेयक आले. राज्याच्या कायद्यात ज्यांना संरक्षण नाही, त्यांना कोणत्याही शहराने आपल्या अधिकारात ते देऊ नये, असे त्यात होते. राज्याच्या कायद्यात केतकीसारख्यांना संरक्षण नव्हतेच. म्हणजे शहराचा नियम आपोआप रद्द. विधेयकात त्या माणसांचा उल्लेखसुद्धा नव्हता. कोणाचेही नाव न घेता त्यांच्या डोक्यावरचे छप्पर काढता येते, हे मला तेव्हा कळले.

बाई बिनपगारी रजा घेऊन मुलीकडे गेल्या. सुनावणीला केतकी बोलली आणि बाई मागच्या बाकावर बसल्या. परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी ते सांगितले.

"तिला दोन मिनिटं दिली. ती म्हणाली, मी तुमच्या आईवडिलांचे गुडघे हलते करते, मला फक्त माझं काम करू द्या. समोरचा एक गृहस्थ फार सभ्य होता. म्हणाला, तुमच्याविरुद्ध आमचं काहीच नाही. फक्त राज्यभर व्यापाऱ्यांना एकच नियम असावा, गावोगावी वेगळा नको."

"मग सगळ्या राज्याला तो चांगला नियम का नाही लावला?" मी विचारले.

"केतकीनं तेच विचारलं. तोवर दोन मिनिटं संपली होती."

विधेयक मंजूर झाले. केतकीचे बोलणे तिथल्या वर्तमानपत्रात नावासह छापून आले होते. कायदा लागू झाल्यावर तिच्या दवाखान्याच्या मालकाने तिला बोलावून घेतले. तो म्हणाला, रुग्णांना अवघड वाटते. तिचे आणि ग्रेसचे लग्न तोवर त्या देशाच्या कायद्याने लागले होते, आणि त्याच लग्नामुळे तिची नोकरी गेली. ती नगरपालिकेत गेली. खिडकीतल्या बाईने तिला पाणी दिले आणि सांगितले, "कायदा लागू होण्याआधी आल्या असतात, तर तक्रार घेतली असती. आता आमच्याकडे ती घ्यायचा अधिकारच नाही." घरमालकानेही करार वाढवला नाही. दोघी सामान गाडीत भरून दुसऱ्या राज्यात गेल्या. तिथे परवान्याची परीक्षा होईपर्यंत केतकी वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबली.

हे सगळे ऐकून बाई रडल्या असतील तर एकट्याने. शाळेत त्यांनी एकही तास चुकवला नाही.

मला वाटले होते, निदान आपल्या माणसांत त्यांना आधार मिळेल. इथेच माझी लेखणी कडू होते. करंजीची गोष्ट वादी अदाईपर्यंत घरोघर पोहोचली होतीच, आता नोकरीचीही पोहोचली. त्या वर्षी गणपतीच्या नाटकाची बैठक झाली आणि दिग्दर्शक म्हणून दुसरे नाव वाचले गेले. बाईंना कोणी काही विचारले नव्हते.

"यंदा जरा आराम करा, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"मी दमले असं कोणी सांगितलं?"

"तसं नाही. पालकांना जरा अवघड वाटतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. दवाखान्याच्या मालकाचे हेच शब्द केतकीने त्यांना फोनवर सांगितले होते, आणि त्यांनी मला.

अशा नात्यांबद्दल इथला कायदा किती कडक आहे हे आपण सर्व जाणतो, आणि त्याविरुद्ध बाईंनी कधी अवाक्षर काढले नाही. मंडळाला गोत्यात आणण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनी पुढच्या सभेत एका ओळीचा नियम मांडला: 'सभासदाच्या कुटुंबातील कोणाच्याही खाजगी आयुष्यावरून त्या सभासदाला मंडळाच्या कामातून वगळले जाणार नाही.' बस, एवढेच. मी अनुमोदन दिले. माझ्या नवऱ्याने, जो सभेला येताना "यल्ला, लवकर आटपा" म्हणत होता, त्यानेही हात वर केला. त्याचे मत विचाराल तर तो माझ्यापेक्षा कडक आहे. पण म्हणाला, "कुणाचं काम काढून घेणं हराम आहे. बाकीचं वर अल्ला बघेल." ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. बाई घरी येताना गाडीत गुणगुणत होत्या. त्यांना गाताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

आपले मंडळ एका मोठ्या संस्थेची शाखा आहे. अध्यक्षांनी ठराव वर पाठवला. वरून उत्तर आले की, मूळ घटनेत जे संरक्षण नाही ते कोणत्याही शाखेला आपल्या नियमांत घालता येणार नाही, सर्व शाखांना एकच नियम असावा, सबब ठराव रद्द. अध्यक्षांनी ते सभेत उभे राहून वाचले. ते वाचताना त्यांना हायसे वाटत होते आणि ते लपवण्याचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत.

बाई उठून म्हणाल्या, "माझ्या मुलीला हे इंग्रजीत ऐकावं लागलं. मला मराठीत ऐकवलंत, आभारी आहे." आणि त्या निघून गेल्या. सभा पुढे चालू राहिली. पुढचा विषय चहाच्या व्यवस्थेचा होता.

शुक्रवारचा हॉल त्यानंतर 'दुरुस्तीसाठी' बंद झाला. बाईंनी वर्ग हमरियातल्या आपल्या बैठकीच्या खोलीत हलवला. मोजकीच मुले उरली, बहुतेक माझ्या नात्यागोत्यातली, म्हणजे मराठी वर्गात निम्म्याहून अधिक मुले मुकादम आणि पावसकर. बाईंनी त्यांचेच नाटक बसवले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आम्ही आया जिन्यावर बसलो होतो.

आता साठी झाली, बाई आपल्या गावी, कुडाळला परत चालल्या आहेत, आणि मंडळाने हा ग्रंथ काढला आहे. गौरव होतोय याचा मला आनंद आहे. पण निघालेल्या माणसाचा गौरव करणे सोपे असते, हेही मी जाणते. गेल्या आठवड्यात मी बाईंना विचारले, "समारंभाला याल ना?"

"येणार. साडी काढून ठेवली आहे."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना. पण मी नाही आले तर त्यांना बरंच वाटेल. तेवढं सुख मी त्यांना का देऊ?"

केतकीची परीक्षा झाली आहे, ती पुन्हा तिचे काम करते. त्या नव्या राज्यातही उद्या काय कायदा येईल ते ती जाणत नाही, म्हणून त्यांनी घर भाड्याचेच ठेवले आहे. जुन्या राज्यातला कायदा अजून तसाच आहे. आपल्या मंडळाचा तो रद्द ठरावही तसाच आहे, मूळ घटनेत एक ओळ घालावी असे कोणी अजून सुचवलेले नाही.

बाई, तुमचे गुडघे, डोळे आणि आवाज शाबूत राहोत. कुडाळच्या घरी केतकी आणि ग्रेस दोघींना एकत्र येऊन राहता येवो, आणि शेजारच्यांनी फक्त जेवायला काय केले एवढेच विचारावे. लोक शतायुषी व्हा म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. नियम रद्द करायला त्यांना एक बैठक पुरली, तो परत आणायला किती आयुष्ये जातील ते मला माहीत नाही. अल्ला तुम्हाला त्या दिवसापर्यंत ठेवो. आणि तो दिवस उगवला की, बाई, मला फोन करा. मी जिथे असेन तिथून येईन.

– नसीमा मुकादम, हमरिया