दादाला द्यायचं लिव्हर

“ताई, तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. सध्या तुमच्या लिव्हरचा भाग घेता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

आजारी मी नव्हते, माझा दादा होता. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारा, कसलंही व्यसन नसलेला माणूस. कावीळ म्हणता म्हणता लिव्हर निकामी झालं. घरात रक्तगट फक्त माझा जुळला.

तपासणीत बरगड्यांवर गार जेल लावून मशीनचा प्रोब टेकवतात. आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटा आत जातात आणि जाता जाता क्षीण होतात. याला अ‍ॅटेन्युएशन म्हणतात. चरबी जास्त असेल तर लाट लवकर विरते. माझ्यात फारच लवकर विरली. एमआरआयनंही तेच सांगितलं.

“वजन उतरवा, मग पुन्हा मोजू. पण दादांकडे फार वेळ नाही.”

भोसरीच्या माझ्या खोलीत मला चैन पडेना. कामाआधी चालायचे, कामानंतर चालायचे. साखर, तळण बंद. जेवणही सोडलं, तर डॉक्टर रागावले. “उपाशी राहून लिव्हर आणखी बिघडेल. जेवा, पण मोजकं.” फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलायचे.

दादाच्या पोटात पाणी भरत होतं. विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत पोचून भ्रम होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी एक दिवस त्यानं मला विचारलं, “तुमी कोण?” मी बाहेर आले आणि नर्सनं धरून बसवेपर्यंत व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले.

आई म्हणाली, “येक लेकरू वाचवाया दुसरं टेबलावर चढवू व्हय?”

मी तिच्याकडे न बघता म्हटलं, “तू नुसती जवळ बस.”

वजन उतरल्यावर पुन्हा जेल, पुन्हा प्रोब. डॉक्टरांनी आकडा पाहिला, पुन्हा एमआरआय करून घेतला आणि म्हणाले, “चरबी उतरलीय. चालेल.” मी त्यांना आकडा पुन्हा वाचायला लावला.

ऑपरेशन दोघांचंही नीट झालं. तुमच्यापैकी कुणाला असा नकार मिळाला, तर खचून घरी जाऊ नका. नकाराचं कारण दूर करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दादा आता कामावर जातो. परवा मला गाडीवरून सोडायला आला, तर वाटभर सुपरवायझरवर तावातावानं चिडत होता. मी मागे बसून रडत होते. त्याला कळलंच नाही. तो आपला बोलतच होता.