म्या काय केलं न्हाई

इंग्रज गेले, त्यांची कोर्टं इथंच राहिली. पुढं कधीतरी दोन्हीकडच्या सरकारांनी ठरवलं की कोर्टातल्या कर्मचाऱ्यांची देवाणघेवाण करायची. त्यांची माणसं इकडं, आपली तिकडं, महिनाभर. शिरूरच्या कोर्टातून एकाची निवड झाली. तो मी. गावानं चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवरचा मी माझ्यापेक्षा प्रामाणिक दिसत होतो.

माणूस निवडायला तिकडच्या एक निवृत्त अधिकारी बाई आल्या होत्या. मी कारकून. इंग्रजी बरं, म्हणून दुभाषा. बरं म्हणजे, बाकीचे बोलायलाच तयार नव्हते.

बाईंना आवडला आमच्या शिपाईमामांचा पुकारा. काम निघालं की शिपायानं दारात येऊन पक्षकाराचं नाव पुकारायचं. कुणी आलंच नाही तर गैरहजर, आणि दावा निकाली निघायची भीती. पण कागदावरचं नाव म्हाताऱ्यांच्या कानाला परकं. जन्मभर त्यांना आबा नाहीतर आप्पाच म्हटलेलं. म्हणून मामा ओरडायचे, “कवठ्याचं मेंढरंवालं आबा, चला आत! तंबाखू थुकून या!” की झाडाखालून आबा उठलेच.

ही पद्धत कुणाची, असं बाईंनी विचारलं. मी मामांना विचारलं. मामा लाजले.

“म्या काय केलं न्हाई. आपलीच मान्सं. वळखून हाक मारतो, झालं.”

आपल्याकडं ज्यानं केलेलं असतं तोच असं म्हणतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला. तो म्हणतो, त्यानं काहीच केलेलं नाही. पुढचं गाळलं.

“मग तुमची?” बाई माझ्याकडं वळल्या.

मी खाली बघून हसलो. वर विनयशीलही दिसलो.

तिकडं गेलो तर पुकाराच नव्हता, पडद्यावर नंबर यायचा. पण त्यांनी हौसेनं मला पुकारा करून दाखवायला लावला. माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नाही. टाळ्या मात्र पडल्या, आणि त्या मी घेतल्या.

मामा रिटायर होऊन दौंडला राहायला गेले, त्यालाही वर्षं झाली. मागच्या महिन्यात एकदाचा गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मामा सुपारी कातरत होते.

“तरीच,” म्हणाले. “बाईंनी जाताना माझा हात धरलावता. मला वाटलं, बोलावत्यात. पासपोर्ट काढलावता म्या, भाऊसाहेब.”

मी माफीची तयारी करून गेलो होतो. ती मागून टाकली.

“मला काय सांगताय? आत जाऊन तिला सांगा. ती अजून म्हन्ती, मलाच धड बोलता आलं न्हाई म्हनून जायचं ऱ्हायलं.”

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी मामींना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. मामींनी गॅस बंद केला.

“म्हंजी इतकी वर्षं मी ह्यांना उगंच बोलले?”

“हो, मामी.”

“मंग बसा. ते समदं आता तुमच्याकडं वळवायचं हाय.”

आणि त्यांनी सुरुवात केली. मधेच एखादं विसरल्या, की मामा बाहेरून आठवण करून देत होते.