पाइपाला टेकून बसलेले मामा

या जगात जेवढी म्हणून भीती आहे, तिच्यातली निम्मी आमच्या हिच्या मामांनी एकट्यानं घेऊन ठेवली आहे. उरलेली निम्मी बाकीच्या लोकांनी आपापसात वाटून घ्यावी. हिचे मामा म्हणजे लग्नापासून माझेही मामाच. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक वाडी आहे, तिथं ते राहतात. मी मंचरचा, पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देण्याचं माझं दुकान. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा मामांनी, "या या पावणं, पण त्या दारातनं नगा येऊ, तिथली तुळई मला बरी वाटत न्हाई," अशा शब्दांत माझं स्वागत केलं. त्या दिवशी मी खिडकीतून आत शिरलो असं मी चारचौघांत सांगतो ते खोटं आहे, पण गोठ्यातून फिरून मागच्या दारानं आलो हे अगदी खरं. पानावर बसल्यावर त्यांनी मला दोनदा बजावलं, की पावणं, सावकाश जेवा, घशात काटा अडकंल. ताटात पिठलं होतं.

मामा एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरचं तोंड निरखून बघायचे. माणूस नुकताच झोपेतून उठलेला वाटला, की म्हणायचे, "जाऊ द्या, मागनं दुसरी गाडी येईल." मागून गाडी यायची ती संध्याकाळी. मोबाइल चार्जिंगला लावला की मामा उंबऱ्याबाहेर जाऊन उभे. रानात एकटं जायची वेळ आली तर सगळ्या वाटेनं मोठमोठ्यानं खोकत जायचे. मी म्हटलं, "मामा, दम्याचं औषध घ्या की." तर म्हणाले, "दमा कुटला? बिबट्याला आपुन आल्यालं कळाया पायजे. अवचित गाठ पडली की त्यो बी भितो ओ, आन् भ्यालेला बिबट्या लई वाईट." आमच्या भागात बिबट्याला सगळेच भितात, पण बिबट्या आपल्याला भिईल म्हणून भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामांचे देव बारा महिने पाण्यात असायचे.

मामी नेमक्या उलट. उंच, हाडापेरानं थोराड, आवाज असा की वरच्या आळीला हाक मारायला त्यांना घराबाहेर यावं लागत नसे. सापाला उलथन्यानं हाकलणारी बाई. मामा घाबरले की मामी हसायच्या, आणि मामी हसल्या की मामा निम्मे बरे व्हायचे. पण एका पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरून मामींचं खुब्याचं हाड मोडलं आणि ही एवढी बाई अंथरुणाला खिळली. त्यांना खाटेसकट उचलायचं तर चार दणकट माणसं लागायची. मामा अंगानं काडी.

मामांचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आणि रस्त्याच्या वर थेट डोंगर. पावसाळ्यात डोंगराचं पाणी खाली यायचं. रस्त्याखालची जुनी मोरी होती बोटभर, ती गाळानं तुंबलेली. मग पाणी रस्त्यावरून उडी मारून सरळ मामांच्या मागच्या भिंतीला भिडायचं आणि भिंत दिवाळीपर्यंत ओली राहायची. आमच्या तालुक्यात डोंगर सुटून एक अख्खं गाव गाडलं गेलेलं, त्यामुळं डोंगराची भीती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पाऊस तीन-चार दिवस थांबला नाही, की वाडीतली माणसं अंथरुणं-पांघरुणं घेऊन शाळेत जाऊन झोपतात. सगळे चालत जातात. मामी कशा जाणार? "चार मानसं लागत्यात, पावणं," मामा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले. "आन् डोंगर सुटल्यावर चार मानसं कुटनं आनायची? ज्यो त्यो आपला जीव घिऊन पळंल. आन् पळावंच त्यानं." मामांच्या बाकीच्या सगळ्या भीतींना मी आजवर हसत आलो होतो. या एका भीतीला मला हसता आलं नाही.

तर, डोंगराचं पाणी वरच्या वर अडवून बाजूला काढावं, त्यासाठी मोठा चर खोदावा आणि रस्त्याखाली दांडगे पाइप टाकून ते पाणी पलीकडच्या ओढ्यात सोडावं, यासाठी मामांनी घोडेगावच्या कचेरीत इतक्या चकरा मारल्या, की तिथला शिपाई त्यांना बघितल्याबरोबर पंखा बंद करायचा, कारण पंख्याखाली मामा बसत नसत. शेवटी एकदाचं काम मंजूर झालं. आधी सिमेंटचे पाइप आले. आत माणूस ताठ उभा राहील एवढे मोठे. रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीत ते ओळीनं मांडून ठेवले. मग उन्हाळा तापल्यावर जुन्नरहून पोकलेन आलं. मामांचा आनंद गगनात मावेना. तो इंजिन चालू होईपर्यंत टिकला.

"पावणं, असाल तसे या. मशीन आलंय," सकाळी सकाळी फोन.

"मग चांगलं झालं की, मामा!"

"चांगलं कसलं डोंबलाचं? डोंगार हादरतोय न्हवं का!"

मी गेलो तर मामा उंबऱ्यात उकिडवे बसलेले, पुढ्यात पाण्यानं भरलेली परात. पोकलेननं वर दगडावर बकेट मारली की परातीतलं पाणी थरथरायचं, आणि पाणी थरथरलं की मामा थरथरायचे. म्हणजे पाण्यापायी डोंगराला भ्यायचं, डोंगरापायी मशीन आणायचं आणि आता मशीनपायी पुन्हा डोंगराला भ्यायचं! मी कपाळाला हात लावला. मामांनी मात्र वर जाऊन ऑपरेटरला गाठलं. हा जुन्नरचा सलीमभाई, शांत डोक्याचा गडी. एका हातानं पेरू खायचा आणि दुसऱ्या हातानं मशीन फिरवायचा. "भाऊ, जरा हळू खांदता का?" मामांनी हात जोडून विचारलं. सलीमभाई म्हणाला, "मामा, पोकलेन हाय ओ, चमचा थोडाच हाय!" तरीही मामांच्या समाधानासाठी प्रत्येक मोठ्या दगडाला हात घालण्याआधी तो हॉर्न वाजवायला लागला. त्या हॉर्ननं मामा दगडापेक्षा जास्त दचकायचे, म्हणून दुपारी त्यांनीच जाऊन तो बंद करायला लावला.

पण घर हादरतंय ही गोष्ट काही मामांच्या डोक्यातून जाईना. मामींना ठेवायचं कुठं? शाळा लांब, शेजारच्यांची घरं याच उतारावर. मामा दिवसभर काठी घेऊन हिंडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जे काही केलं, ते करायला फक्त मामाच पाहिजेत. त्यांनी ओळीतल्या टोकाच्या पाइपावर काठीनं टकटक करून बघितलं, आत जाऊन कान लावला आणि मला म्हणाले, "पावणं, ह्याच्यावरनं ट्रक जात्यात. डोंगार जरी आला न्हवं, तरी आतलं मानूस जितं ऱ्हाईल." आतला गोल तळ मुरूम टाकून सपाट केला, वर पेंढा पसरला, आणि मशीनवरच्या चार गड्यांनी मामींची खाट उचलून पाइपात नेऊन ठेवली. रोज सकाळी आत, दिवस मावळताना बाहेर. आमच्या ह्या मामींनी वर्ष-दीड वर्ष चार भिंतींपलीकडे काही पाहिलं नव्हतं. इथं एका तोंडातून वळणापलीकडचं सगळं खोरं दिसायचं, दुसऱ्या तोंडातून रस्ता, आणि आरपार वारा. हिरडा गोळा करून येणाऱ्या बाया सावलीला म्हणून टेकायच्या त्या तास तास उठायच्या नाहीत. आणि मामींचा तो आवाज! "च्या टाक गं!" असं त्या पाइपातून म्हणाल्या, की तीन घरांत चहा टाकला जायचा. मी त्यांना विचारलं, "मामी, कसं वाटतंय?" तर म्हणाल्या, "जावयबापू, म्हायेराला आल्यावानी वाटतंय. तेवढं ह्यांना सांगा, सारखं आत डोकावू नका म्हनावं."

मामा डोकावणारच. कारण तोवर त्यांच्या ध्यानात आलं होतं, की पाइप गोल असतो आणि गोल वस्तू गडगडते. त्यांनी पाइपाच्या दोन्ही बाजूंना धोंडे लावले. मग धोंड्यांना धोंडे लावले. तेवढ्यानंही जिवाला चैन पडेना, तेव्हा उताराच्या अंगाला पाइपाला पाठ लावून ते स्वतःच बसायला लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जेवणही तिथंच. मी वैतागून म्हटलं, "अहो मामा, एवढा टनावारी पाइप सुटला तर तुमच्या पाठीनं थांबणार आहे का?"

"थांबायचा न्हाई," मामा म्हणाले. "पर तिच्या आदी मला कळंल."

मी त्यांच्यासाठी एक रिकामं पोतं आणून पाठीमागं घातलं.

ज्या दिवसाची आठवण झाली की आजही माझ्या अंगावर काटा येतो, त्या दिवशी मी तिथंच होतो. चर रस्त्यापर्यंत आला होता, पाइप बसवायचं काम चाललं होतं. सलीमभाईनं साखळीनं एक पाइप उचलून वर चराच्या काठाशी टेकवला, गड्यांनी साखळी सोडली, आणि काठाची भुसभुशीत माती खचली. पाइप आधी नुसता हलला. मग एक जड, घरघरता आवाज आला आणि तो सगळाच्या सगळा आमच्या दिशेनं गडगडत खाली निघाला. "पळा! पळा!" कुणीतरी ओरडलं. आम्ही सगळे जीव घेऊन पळालो. बांधावर चढून मी मागं वळून बघितलं, तर मांजर आडवं गेलं तरी घरी परतणारे आमचे मामा जागचे हलले नव्हते. ते पाइपाच्या वरच्या अंगाला आले होते, मामींच्या पाइपाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते आणि वरून येणाऱ्या त्या धुडाकडे सरळ बघत होते. चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते, बहुतेक भीमाशंकराचं नाव असावं. तेवढ्यात सलीमभाईनं मशीन गर्रकन वळवलं आणि पाइपाच्या वाटेत बकेट जमिनीत दणकन रोवली. पाइप येऊन तिच्यावर आदळला, केवढा तरी आवाज झाला, धुरळा उडाला. पाइप थांबला. मामांपासून चार पावलांवर.

सलीमभाई केबिनमधून उतरला आणि बकेटला अडलेल्या पाइपाखाली धोंडे सारायला लागला. आतून मामींचा आवाज घुमला, "काय पडलं गं त्ये? अवं, ऐकलं का? पोरास्नी च्या द्या जरा, दमली असत्याल."

"काय न्हाई, पाइप ठिवला खाली," मामांनी उत्तर दिलं. आवाज अगदी रोजचा. मग ते पाइपाला वळसा घालून खालच्या अंगाला, मामींना दिसणार नाहीत अशा बाजूला आले, मातीत बसले, आणि त्यांची जी बोबडी वळली ती दिवस मावळेपर्यंत. मी पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवत राहिलो. पहिला शब्द फुटला तो असा, "तिला सांगू नगा, पावणं. भ्यायची न्हाई ती. पर मला हसंल." आणि ते लहान मुलासारखे रडले.

मामींचा पाइप मामींच्याच हुकमानं सगळ्यात शेवटी बसवला. "माजी खोली जपून न्या रं," म्हणून त्यांनी सलीमभाईला बजावलं होतं. मग वर भराव पडला, रस्ता पूर्ववत झाला. त्या वर्षी आषाढात आमच्याकडचा तो पाऊस आला, दिवस-रात्र न थांबणारा. तांबडं पाणी चरातून खळाळत आलं, रस्त्याखालून धडधडत गेलं आणि ओढ्यात पडलं. मामांचा फोन आला, "पावणं, मागली भित कोरडी हाय." मी म्हटलं, वा, आता निवांत झोपा. तर म्हणाले, "झोप कशी येईल? पाइप तुंबला म्हंजी?" मी मोठ्यानं हसलो. मागं मामी हसताना ऐकू येत होत्या.

दिवाळीनंतर मामी गेल्या. डोंगर आला नाही, पाणी आलं नाही. कोवळ्या उन्हात अंगणात खाट टाकली होती, मामा चहा आणायला आत गेले, बाहेर आले तोवर सगळं शांत झालं होतं. ज्या ज्या गोष्टींना मामा इतकी वर्षं भीत आले, त्यातली एकही आली नव्हती. आता त्यांना काय वाटत असेल हे विचारायचा धीर मला झाला नाही.

यंदाच्या पावसात वाडी शाळेत झोपायला गेली, मामा गेले नाहीत. वरून वाहून आलेली झाडाची मोठी फांदी मोरीच्या तोंडाशी अडकली, तर भर दुपारी, पाऊस कोसळत असताना, मामा एकटे चरात उतरले. कमरेपर्यंत वाहत्या पाण्यात उभं राहून फांदी ओढून काढली. शेजारच्यांनी आम्हाला फोन करून कळवलं. हिनं मामांना फोन लावला आणि रागावता रागावता तिला रडू फुटलं, म्हणून फोन मी घेतला.

"मामा, अहो, असं पाण्यात उतरतात का कधी? वाहून गेला असता म्हणजे?"

"गेलो असतो त गेलो असतो," मामा शांतपणे म्हणाले. "आता काय हाय, पावणं."

हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. इतकी वर्षं त्यांच्या भित्रेपणाची टिंगल करत आलो, आणि आता मलाच दरदरून घाम फुटला. तोंडात आलं ते बोलून गेलो.

"मामा, थोडं तरी भ्या ओ. आमच्यासाठी."

पलीकडं पाऊस कोसळत होता.

"बघतो," मामा म्हणाले.