पाणकावळा वर येईपर्यंत

आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातले नरहरपंत पुणतांबेकर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. १९९४ च्या श्रावणात त्यांचा एकुलता मुलगा शार्दूल बालाजी घाटावरून पोहायला उतरला आणि परत आला नाही. गंगा चढलेली होती. मल्लाहांनी नावा घालून राजघाटाच्याही पुढे शोधलं. प्रेत मिळालं नाही.

अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग दिवस करतात. त्याच्या आईला, कालिंदीकाकूंना, ते लवकर व्हायला हवं होतं. त्याशिवाय पोराच्या तोंडी पिंडाचा घास जाणार नाही, या विचारानं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. पण अग्नी बापानं द्यायचा, आणि नरहरपंत तयार नव्हते. "पोहणारा बुडत नाही," एवढंच म्हणत. शार्दूल उन्हाळ्यात पलीकडच्या वाळूला हात लावून परत येई, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

पाणी उतरल्यावर ते रोज सकाळी घाटावर बसू लागले. बँकेत जाण्याआधी मीही जरा टेकत असे. नावा बांधायच्या बांबूवर एक पाणकावळा येई. डोमकावळ्याएवढाच, अंगानं लांबट, सगळा काळा. शेपूट ताठ, चोचीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. पोहताना त्याचं अंग पाण्याखाली आणि मान तेवढी वर. मग तीही नाहीशी होई.

"आता बघ," नरहरपंत मला म्हणत. "बुडी मारतो तिथे हा कधी वर येत नाही."

तो भलतीकडेच निघे, चोचीत आडवा मासा घेऊन. मासा उडवून डोक्याकडून गिळी. त्याची पिसं बदकासारखी कोरडी राहत नाहीत, म्हणून पुन्हा बांबूवर येऊन पंख पसरून उन्हात उभा राही.

"शार्दूलही असाच खाली कुठेतरी काठाला लागला असेल. गाझीपूर, बक्सर."

लल्लन मल्लाह नाव धुता धुता चिडवी, "मास्टरजी, रोज इसकी हाजिरी लेते हैं?"

"तुमसे ज्यादा नियम से आता है."

घरी गेल्यावर काकू विचारत, "जेवला का तुमचा पक्षी? माझं पोर उपाशी आहे."

मार्गशीर्षात एका सकाळी पाणकावळा पाण्यात उतरला. मान बुडाली. नरहरपंतांनी खालच्या अंगाला पाहिलं, मग वरच्या. मग उठून उभे राहिले. मी बँकेसाठी निघणार, तोच लल्लननं लावून ठेवलेलं जाळं ओढायला घेतलं. माशांबरोबर तो आला. दोरा मानेत आणि पंखाखाली गुंतला होता. घशात अर्धा मासा तसाच होता.

"डूब गया," लल्लन म्हणाला. "जाड़े में एकाध फँस ही जाता है."

"तैरते-तैरते?" पंतांनी विचारलं.

"और क्या."

नरहरपंतांनी तो हातात मागून घेतला. पंखांतून पाणी ठिबकून त्यांचं धोतर भिजलं. बऱ्याच वेळानं त्यांनी तो परत दिला आणि लल्लननं तो प्रवाहात टाकला. कुशीवर तरंगत तो राजघाटाकडे गेला. दिसेनासा होईपर्यंत पंत बघत होते.

मी त्यांना घरी पोहोचवलं. काकू तांदूळ निवडत होत्या.

"बिंदुमाधव गुरुजींना निरोप दे," नरहरपंत मला म्हणाले. "दर्भ आणायला सांग."

काकूंचे हात थांबले. त्यांनी विचारलं, "पुतळा केवढा करायचा?"

"माझ्याहून मोठा," ते म्हणाले. "माझे सदरे त्याला आखूड व्हायचे."